मावशीच्या घरचं पाणी

तांब्या चिंचेनं घासलेला होता. त्यावरचा पेलाही तसाच लखलखीत. मावशीनं तो आधी आमच्या सरांपुढं धरला.

सर उंबऱ्याबाहेरच उभे होते. "नको, नको. फील्डवर आम्ही बाहेरचं पाणी पीत नाही. इन्फेक्शन होतं." एवढं बोलून त्यांनी बॅगेतली बाटली काढली आणि तिच्यासमोरच घटाघटा प्यायले.

बरोबरच्या चौघा विद्यार्थ्यांनीही नको म्हटलं. मग तांब्या माझ्यापुढं आला.

"घ्या मॅडम, पाणी घ्या."

मॅडम! माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण मला मॅडम म्हणाली. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी याच घरात काढल्या होत्या, याच तांब्यानं पाणी प्यायले होते. पण हे माझ्या मावशीचं घर आहे, हे मी सरांना सांगितलं नव्हतं. त्या चौघांनाही नाही. मावशीनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, खाली गेलेली मान पाहिली आणि काय ते ओळखलं. तिनं मला सांभाळून घेतलं.

मी म्हणाले, "नको. माझ्याकडं बाटली आहे."

तेव्हा लाज वाटली नाही. सुटले, असं वाटलं. हे आज लिहिताना अंगाची आग होते.

मी हर्सूलची. शहरातल्या एका कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकत होते. सरांच्या संशोधनाचा विषय होता आरोग्यातली विषमता. वर्गात ते त्यावर असे बोलायचे, की डोळ्यांत पाणी यावं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सकाळी क्रांती चौकातून आमची गाडी निघायची ती वेरूळच्या पुढच्या गावांत. पाटलांच्या, देशमुखांच्या आळीत सगळे मिळून जायचे. बौद्ध वस्ती आली की सर म्हणायचे, "तू आत जा. तुला त्यांच्यात मिसळता येतं." माझं आडनाव त्यांनी प्रवेशाच्या यादीतच वाचलेलं होतं. मावशी लपवली की जात लपते, असं समजणारी मीच खुळी.

त्या दिवशी मावशीच्या सुनेचा फॉर्म भरायचा होता. चार महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. सातवा संपत आला होता. घरात आम्ही सगळे रडलो होतो. आणि आता मी तिच्यासमोर पेन घेऊन, पहिल्यांदाच भेटल्यासारखी बसले होते.

फॉर्ममध्ये प्रश्न होता, गरोदरपणात आरोग्य कर्मचारी घरी आली होती का? होय किंवा नाही.

सुनेनं पदर तोंडाशी धरला. मावशीच बोलली. "येती की बाई. दर महिन्याला येती. दारातूनच नाव इचारती, वहीत लिवती, अन् जाती. आत पाऊल टाकीत नाय. आमच्या हिचे पाय लई सुजले व्हते, डोकं दुखायचं. मी म्हणलं, ते दंडाला पट्टा बांधून बघत्यात ना, तेवढं बघा. म्हणली, मशीन बिघडलंय. अन् तिकडं पाटलाच्या सुनेला त्याच दिवशी बांधला की!"

रक्तदाबाचा पट्टा बांधायचा तर दंडाला हात लावावा लागतो.

मी सरांकडं पाहिलं. ते घड्याळ पाहत होते. "होय की नाही, तेवढं विचार. गोष्टी नकोत."

मी 'होय'वर खूण केली. माझ्या हातानं.

तिथून आम्ही सरपंचाच्या घरी गेलो. चकचकीत पेल्यांतून पाणी आलं. सर प्यायले, वर आणखी मागितलं. मग चहा. मीच तो फॉर्म भरला. पाण्याचा स्रोत, ग्रामपंचायतीची टाकी, घरात नळ. मावशीच्या घरच्या फॉर्मवरही मी हेच लिहिलं होतं. टाकी एक, पाइप एक, पाणी एक. इन्फेक्शन तेवढं वस्तीतल्या तांब्यात होतं.

महिन्याभरानं कॉलेजात अहवालाचं सादरीकरण झालं. बाहेरून पाहुणे आले होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, वस्तीत कर्मचाऱ्यांच्या भेटी पूर्ण. बाळं दगावण्याचं मुख्य कारण, मातांची उदासीनता. खाली मावशीच्या सुनेचा त्या दिवशीचा फोटो. पदर तोंडाशी धरलेला.

मागून कुणीतरी म्हणालं, "यांना सगळं दारात नेऊन द्या, तरी यांचं आपलं तेच." लोक हसले. सरही हसले. मग त्यांनी मला उभं केलं. "ही आमची विद्यार्थिनी. त्याच समाजातली. सांग गं, तुमच्याकडं बायका एवढ्या निष्काळजी का असतात?"

पुढच्या फेलोशिपसाठी सरांचं शिफारसपत्र लागणार होतं. ते टाइप करून त्यांच्या टेबलावर पडलं होतं, फक्त सही बाकी होती. हे मला ठाऊक होतं. पण पडद्यावरची ती माझी वहिनी होती.

मी म्हणाले, "ती निष्काळजी नाही. ती माझी वहिनी आहे. भेट पूर्ण झाली ही खूण माझी आहे आणि ती खोटी आहे. बाई दारापर्यंत आली, दंडापर्यंत आली नाही. सर, तुम्हीसुद्धा दारापर्यंतच आलात. तिथं पाणी घेतलं नाहीत. सरपंचाकडं घेतलंत. टाकी एकच आहे. दोन्ही फॉर्म माझ्याकडं आहेत."

आता कुणी हसत नव्हतं.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "तुम्हा लोकांना वर घेतलं की हेच होतं. संशोधन करायची तुमची लायकी नाही. भावनाच फार." माझ्यासमोर त्यांनी ते पत्र फाडलं. व्यवस्थित. उभं, मग आडवं.

मी मावशीकडं गेले. सगळं सांगितलं. पाणी मागितलं. ती उठली नाही. म्हणाली, "त्या दिवशी तुला वाचिवलं मी. पर माझ्या सुनंला कोण वाचिवणार व्हतं गं?"



तिथंच, तिच्यासमोर मी वहिनीचा तो फॉर्म काढला. 'होय' खोडलं, 'नाही' लिहिलं, सही केली. मावशीचं बोलणं शब्दन् शब्द समासात उतरवलं. जागा पुरली नाही म्हणून पाठीमागं लिहिलं. मग शेवटी माझा एक प्रश्न घातला.

पाहणी करणाऱ्यांनी या घरात पाणी घेतलं का?

नाही.

कोणी घेतलं नाही? खाली सरांचं नाव लिहिलं. चौघांची लिहिली. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, माझं.

हे शिक्षण मी सोडणार नाही. पत्राशिवाय जिथं घेतील तिथं शिकेन, आणि यापुढं माझ्या हातात येणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर हा प्रश्न पहिला असेल. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा प्रश्न मी कुणाला विचारू देणार नाही.