सोन्याच्या दोन निबा आणि उजवं मनगट

प्लास्टर निघालं तरी माझ्या उजव्या मनगटाचं दुखणं गेलं नव्हतं. जिन्यात घसरून पडले होते. हाड सांधलं, व्यायाम झाले, वेणी घालता यायला लागली, स्कूटरही चालवता यायला लागली. लिहिता मात्र येईना. बॉलपेन जरा दाबलं की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची.

मी होमिओपॅथ. जुन्या पनवेलात माझा दवाखाना आहे आणि पेशंट जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत मी लिहून घेते. मध्यंतरी लॅपटॉपवर टाइप करून पाहिलं, पण मी स्क्रीनकडे बघायला लागले की समोरचा माणूस दोन वाक्यांत आटपायचा. लिहिता हात कायमचा गेला की काय, अशी धास्ती मनात बसली होती.

ती मी बोलून दाखवली आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांजवळ. काका बँकेतून निवृत्त झालेले, बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. मुलं तिकडे इस्रायलला, काका-काकू इथंच. त्यांना शाईच्या पेनांचा नाद. त्यांनी सांगितलं की बॉलपेन दाबावं लागतं, शाईचं नुसतं टेकवायचं असतं. त्यांच्याकडे दोन जपानी पेनं होती, सोन्याच्या निबेच्या पेनांतली अगदी सुरुवातीच्या किमतीची, साधी. ती वापरून बघ म्हणाले. मी लगेच वर जायला निघाले, तर त्यांनी थांबवलं. तो शनिवार होता, आणि शब्बाथला, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, ते लिहीत नाहीत, पेनाला हातही लावत नाहीत.

रविवारी सकाळी काकूंनी चहा ठेवला आणि काकांनी दोन्ही पेनं टेबलावर मांडली. दिसायला दोन्ही काळी, सारखीच. एकाची निब मऊ, स्प्रिंगसारखी लवणारी. दुसऱ्याची कडक आणि फार बारीक. दुखऱ्या हाताला मऊच बरी, असं धरून मी पहिलं उचललं. पण बॉलपेनची सवय. काना काढताना हात दाबला गेला, निबेची टोकं फाकली आणि कागदावर जाड फराटा उठला. एवढी जपलेली वस्तू, आणि पहिल्याच अक्षराला मी ती वाकवली होती.

काकांनी भिंग आणलं. पेन खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. मी काकूंकडे बघत होते, काकू चहाकडे.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "टोकं परत जुळलीत. आता दुसरं घे, आणि दाबू नकोस. पेनाचं वजन आहे ना, तेवढं पुरे."

दुसरं पेन मी भीतभीतच टेकवलं. शिसपेन्सिलीसारखा बारीक आवाज येत होता. मऊ निबेनं पहिलंच अक्षर शाईनं भरून गेलं होतं. हिनं 'क्ष' आणि 'द्ध' सुटे, स्वच्छ उमटले. काय लिहावं सुचेना, म्हणून माझीच केस लिहायला घेतली: बाई, वय एकावन्न, उजवं मनगट, पडल्याचं निमित्त. लिहीत गेले. थांबले ती पान संपलं म्हणून. कळ आलीच नव्हती. काकू कप पुढे करत होत्या आणि मला तो दिसत नव्हता, कारण डोळे भरून आले होते.

नंतर मऊ निबेनंही हलक्या हातानं लिहून पाहिलं. अक्षर देखणं येतं, जाड-बारीक वळणाचं. पण ते सावकाश लिहिणाऱ्याचं पेन. माझं काम घाईचं. काकांनी दुसऱ्यासारखंच एक माझ्यासाठी मागवलं आणि ते येईपर्यंत स्वतःचं दिलं.

सोमवारी करंजा बंदरावरून गुडघ्यासाठी येणाऱ्या कोळीणबाई आल्या. गेल्या खेपेला लॅपटॉपसमोर त्या धड बोलल्याही नव्हत्या. पेन बघून खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"लिवताय ना? मंग पयल्यापासून सांगते," म्हणाल्या, आणि सांगत राहिल्या. संध्याकाळी मनगट थोडं भरून आलं होतं, दिवसभर काम केल्यावर कुणाचंही येतं तसं.