सुकलालचा रोटर

पासष्टच्या सप्टेंबरात आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून पश्चिम सीमेवर एका बटालियनला जोडलेली होती. मी हवालदार, ड्रायव्हर-मेकॅनिक. लान्स नाईक सुकलाल माझ्या हाताखाली जीप चालवायचा. त्याचं गाव माझ्या गावाच्या शेजारचं. दोघंही खानदेशी, त्यामुळे लंगरच्या जेवणाला शिव्या एकाच बोलीत घालायचो.

आमच्यात एक स्टँडिंग ऑर्डर होती. गाडी सोडून जायचं तर रोटर काढून खिशात. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. इंजिनची ठिणगी तोच वाटतो. तो काढला की जीप म्हणजे नुसतं लोखंड; शत्रूच्या हाती लागली तरी चालणार नाही. सुकलाल लघवीला उतरला तरी रोटर काढायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "उस्ताद, हुकूम म्हणजे हुकूम."

त्या दिवशी दुपारी त्यानं जीप एका किकराच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली लावली आणि दारूगोळ्याची पेटी खांद्यावर घेऊन पुढच्या खंदकाकडे पायी गेला. रस्ता संपला होता, गाडी पुढं जात नव्हती. मग तोफगोळे पडायला लागले.

वायरलेसवर कंपनी कमांडर बोलले, "जीप मागे घ्या. ओव्हर."

"जीपमध्ये रोटर नाही. ओव्हर."

"ड्रायव्हरकडून घ्या."

"ड्रायव्हर नाही, साहेब. ओव्हर."

मग ते म्हणाले, "ठीक आहे. ओढून आणा. आउट."

जीप दोराला बांधून आणली. सुकलालला आमच्या मागून आणलं. त्याच्या शर्टाचा खिसा बटण लावून बंद होता. त्या खिशात काय आहे ते मला माहीत होतं. हात घातला नाही. रोटर त्याच्याबरोबरच गेला, असं मी धरून चाललो.

पेन्शन घेऊन मी सुरतेत आलो, एका कापड गिरणीच्या गॅरेजमध्ये लागलो. पर्वत पाटियाच्या अलीकडे, शेताच्या कडेला आमची पत्र्याची चाळ. सुकलालची बायको यमुना गावाकडे दिराच्या दारात पडली होती. मीच तिला इकडं बोलावलं. शेजारची खोली दिली, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम मिळवून दिलं. वहिनी कमी बोलायची. नवऱ्याचं नाव तिनं तो जिवंत असतानाही कधी घेतलं नव्हतं, पुढंही घेतलं नाही. "ते" म्हणायची, नाहीतर आमच्या बोलीत "तेस्ले", म्हणजे त्यांना, तेही क्वचित.

दोन-तीन वर्षं गेली आणि मला दुर्बुद्धी सुचली, असं माझी बायको सिंधू म्हणते. नाशिककडं फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. मी गेलो आणि एक जीप घेऊन आलो. घेऊन आलो म्हणजे गिरणीच्या ट्रकमागं ओढत आणली. इंजिन जाम, पुढची चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट गायब, सीटमध्ये उंदरांचं घरटं.

शेजारचा जयंतीभाई ट्रक चालवायचा. तो जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "हवालदार, आ तो भंगार छे! कोंबड्या पाळा हिच्यात."

सिंधू म्हणाली, "आणली एकदाची सवत. आता हिलाच भाकरी मागा."

यमुनावहिनी बाहेर आली, जीप पाहिली, पदर सावरला, आत गेली आणि दार लावलं. त्या दिवसापासून ती नळावर जायला मागच्या चिखलातून जायची, पण जीपच्या समोरून जायची नाही. मला वाईट वाटलं. पण गाडी परत थोडीच देता येते! आणि खरं सांगतो, द्यायचीही नव्हती. ती दुरुस्त करताना माझ्या शेजारी सुकलाल बसलाय असं वाटायचं, आणि तेवढ्यासाठी मी कुणाचंही बोलणं खाल्लं असतं.

मी रविवार जीपला दिले. आधी इंजिन उतरवलं, पिस्टन रॉकेलमध्ये भिजत घातले. मग ब्रेक. मग पुढचा शाफ्ट मालेगावच्या भंगारात सापडला, तो मांडीवर घेऊन एस.टी.नं आलो, कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं. फोर-व्हील ड्राइव्ह लागली तेव्हा मी शेतात जाऊन मुद्दाम चिखलात गाडी घातली आणि बाहेर काढली. जयंतीभाईनं लांबून हात जोडले.

अडलं फक्त रोटरवर. ते सुकलालच्या जीपसारखंच मिलिटरी मॉडेल, त्याचा रोटर सुरतच्या बाजारात कुठंच मिळेना. दुसऱ्या गाडीचा आणला, कानस मारून बसवला. कानस मारताना त्याला केसासारखी भेग गेली. चालत होता. गाडी लावली की मी तोही काढून खिशात घालायचो. सिंधू म्हणायची, "या भंगाराला कोणता दुश्मन पळवणार आहे?" सवय ती, जात नाही.

सत्तरच्या पावसाळ्यात खाडी फुगली. सकाळी उठलो तर शहराकडचा रस्ता पाण्याखाली. चाळ थोडी उंचावर, म्हणून ओट्याच्या पायरीपर्यंतच पाणी होतं. गिरणीला सुट्टी. सिंधू ज्वारीचं पोतं उचलून फळीवर ठेवत होती. ती एकदम ओरडली. मी धावलो. पोत्यामागून नाग सरकत पाण्यात गेला. तिच्या मनगटावर दोन टोचे.

मी हात हलू दिला नाही, फळी लावून बांधला. म्हणालो, "बस. चालायचं नाही. बोलत राहा."

ती म्हणाली, "आयुष्यभर गप्प बस म्हणालात, आणि आता बोल म्हणता होय!" पण ओठ पांढरे पडले होते.

मोठा दवाखाना शहरात, खाडीच्या पलीकडे. ट्रक पाण्यात जाणार नाही, जयंतीभाईचं इंजिन आधीच बुडालं होतं. राहिली जीप. मी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा काढला, नाही तर पंखा पाणी उडवून ठिणगी विझवतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये रोटर बसवला. पाणी जाऊ नये म्हणून वरच्या झाकणाला ग्रीस थापलं, जयंतीभाईनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. इंजिन खोकलं आणि एक फटाका वाजला. मग काहीच नाही.

झाकण काढलं. रोटरचे दोन तुकडे.

मी ते तळहातावर जुळवून पाहिले. जयंतीभाई म्हणाला, "दोरीनं बांध ने!" पण ठिणगीच्या जागी दोरी चालत नाही. ओट्यावर सिंधू म्हणत होती, "मला दोन-दोन दिसतंय हो. तुम्ही दोघं आहात." तिच्या पापण्या खाली यायला लागल्या होत्या. विष डोळ्यांपर्यंत आलं होतं.

यमुनावहिनी गुडघाभर पाण्यातून आली. पहिल्यांदा जीपच्या समोरून आली.

"भाऊ, काय तुटनं?"

मी तळहात पुढं केला. तुकडे बघून ती जागच्या जागी थिजली. मग वळली आणि धावली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी होतं.

"हाई शे का ते?"

रोटर होता. वर हळदीकुंकवाचा थर, बोटाच्या पेराएवढा जाड. पितळ दिसतही नव्हतं. फौजेनं सुकलालचं सामान घरी पाठवलं होतं, घड्याळ, पट्टा, पाकीट. त्यातच हा काळा तुकडा आला. कशाचा आहे ते तिला कुणी सांगितलं नाही. त्यांच्या छातीवरच्या खिशातला म्हणून तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि पाच वर्षं, स्वतःच्या कपाळाला लावता येत नव्हतं ते कुंकू रोज त्याला लावलं.

मी तो हातात घेतला. पितळ स्वच्छ केल्याशिवाय ठिणगी येणार नाही. पेट्रोलचा बोळा माझ्या दुसऱ्या हातात होता, आणि हात पुढं जाईना. "वहिनी, पुसू का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मनं कुकू पुसं तवय माले कोनी इचारं नही," ती म्हणाली. "तुमी इचारी ऱ्हायनात, हाईच खूप शे. पुसा भाऊ."

पुसलं. लाल पाणी माझ्या मनगटावरून ओघळलं. रोटर बसवला. कानस नको, काही नको, आपल्या जागी टक्क बसला. जयंतीभाईनं हँडल मारलं आणि जीप पहिल्या झटक्याला उठली.

मागं वहिनी बसली, सिंधूचं डोकं मांडीवर घेऊन. जयंतीभाई बांबू घेऊन पुढं पाण्यात उतरला, रस्त्याची कड चाचपत. मी फोर-व्हील लावली, लो रेशो, पहिला गिअर. अशा पाण्यात नियम एकच. क्लच दाबायचा नाही, पाय उचलायचा नाही. इंजिन एकदा बंद पडलं की सायलेन्सरमधून पाणी आत, आणि खेळ खलास.

"डाबी बाजू!" जयंतीभाई ओरडला. मी डावीकडं घेतलं. पाणी बॉनेटला टेकलं. जयंतीभाई छातीपर्यंत बुडाला.

"सिंधू, बोल!"

वहिनी म्हणाली, "श्वास चालू शे. तुमी पुढं देखा."

मागचं चाक घसरलं. गाडी खाडीच्या बाजूला सरकली. पाय उचलायची फार इच्छा झाली. नाही उचलला. पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि जीप गुरगुरत बाहेर ओढली गेली. पाणी खाली उतरायला लागलं. तेव्हा कळलं, मी मोठ्यानं ओरडत होतो, "चल सुकलाल, चल!" वहिनीसमोर.

दवाखान्यात इंजेक्शनं दिली. रात्रीपर्यंत सिंधूच्या पापण्या उघडल्या. पहिलं वाक्य: "सवत आली का सुखरूप?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. लाज वाटली नाही.

पूर ओसरल्यावर मी रोटर धुऊन, पुसून वहिनीला परत द्यायला गेलो. ती म्हणाली, गाडीला लागतो ना, मग गाडीजवळ असू द्या. मी म्हणालो, स्टँडिंग ऑर्डर आहे, गाडी उभी असताना रोटर काढून जपून ठेवायचा. कुठं ठेवू? तिनं हात पुढं केला.

तेव्हापासून हाच नेम झाला. संध्याकाळी जीप लावली की रोटर वहिनीकडे. ती कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवायची. सकाळी मी मागायला जायचो आणि पुसून बसवायचो. फौजेच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये हे बसत नाही. पण सुकलालचं नाव कुठं दगडावर कोरलेलं मला माहीत नाही. त्याची हजेरी एवढीच लागायची.

एकदा मला गिरणीत लवकर जायचं होतं. दार वाजवलं. वहिनी तयारच उभी होती. रोटर तिनं स्वतःच पुसला होता. पितळ चकचकीत, कुंकवाचा कणही नाही. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "जा भाऊ. तेस्ले ड्युटीले उशीर व्हई."