शकूचा शेवट

आमच्या गावच्या वाचनालयात कुमुदताई दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगतात. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांची धाकटी बहीण शकू लहानपणी नदीच्या पुरात वाहून गेली. ती हकीकत त्या वर्षातून एकदाच सांगत. ऐकताना मुलं गप्प होत, आणि संपल्यावरही बराच वेळ कोणी उठत नसे.

यंदा त्यांच्या भाच्यानं मोबाइलवरून लाइव्ह सुरू केलं. परवा मी मागच्या बाकावर त्याच्या शेजारीच होतो. पाण्यात ताईंच्या हातून शकूचा हात सुटला, तिथे त्या थांबल्या. पडद्यावर भराभर मजकूर येत होता. भाचा म्हणाला, "मावशी, सगळे म्हणतायत, शकूला वाचवा."

ताईंनी मुलांकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. आणि शकूच्या हाताला बाभळीची फांदी लागली. पडद्यावर लाल बदाम उडू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती लगेच पांगली.

पूर्वी ऐकणाऱ्यांनी गोष्टीत घातलेली भर म्हणजे ती शांतता. तिच्यात शकूला जागा होती. आता प्रत्येकाला काही सुचवायचं असतं आणि गेलेलं माणूस कोणालाच सोसत नाही.

बाहेर पडताना मी म्हटलं, "ताई, शकू तर सापडलीच नव्हती."

"नाही रे," चपला शोधत त्या म्हणाल्या. "आई शेवटपर्यंत दाराकडे बघत असायची." मग चपला पायात सरकवत म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी शकूचं लग्न लावा म्हणतायत. नवऱ्याचं नाव काय ठेवू?"