पाळीपत्रकासाठी यंत्राला शिकवलेलं खोटं

त्या कॉम्प्युटरची आठवण आली की अजून माझं तोंड कडू होतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता म्हणा, दोष माणसांचा होता. पण चेअरमनवर राग काढायची माझी कुठं सोय, म्हणून मी त्या डब्यालाच शिव्या देत बसायची.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या अंगाला, कालव्यातून फुटणाऱ्या आमच्या चारीवर पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची एक सोसायटी होती आणि मी तिच्या ऑफिसात टायपिंग करायची. टायपिंग बारामतीला शिकले. कॉम्प्युटर मात्र कुणी शिकवला नाही. पुस्तक एका मांडीवर, डिक्शनरी दुसऱ्या मांडीवर, आणि एकेक बटण दाबून बघायचं. चाळिशी आलेली. लोक हसायचे. हसू देत, मी पण हसायची.

कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या शेतात किती वाजता जाणार आणि किती तास राहणार, हे ज्या कागदावर असतं ते पाळीपत्रक. त्याचा नियम असा की पाणी आधी चारीच्या शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग वर वर सरकत यायचं. कारण वरच्यानं आधी घेतलं की खाली ओल सुद्धा पोचत नाही. आमच्या चारीच्या शेवटाला, म्हणजे टेलला, कोण होतं? आमची वस्ती. छप्पन सालानंतर धम्म घेतलेली घरं. कुणाचा एक एकर, कुणाचा दीड. वांगी, टोमॅटो, गवार लावायची आणि इंदापूरच्या बाजारात न्यायची. उन्हाळ्यात एक पाळी चुकली की टोमॅटोची झाडं उभ्याउभ्या करपायची.

मी हातानं पाळीपत्रक लिहायची तेव्हा वरची मंडळी ते भिंतीवरून फाडायची. ‘बाईनं आपल्या माणसांना जादा तास लिवलं’ म्हणायची. मग पुण्याच्या एका इंजिनिअरनं प्रोग्राम करून दिला आणि कागद छापून निघायला लागला. तास तेच, माणसं तीच, गुणाकार तोच. पण छापील कागद एकानंही फाडला नाही. माझ्या अक्षरावर विश्वास नाही, डब्याच्या अक्षरावर आहे! मला तेव्हाच किळस आली होती. पण टेलला पाणी येतंय ना, मग गप्प बसले.

पुढं चेअरमनना नवीन मशीन हवं झालं. रंगीत पडद्याचं. बारामतीचा एक विक्रेता लोणी देवकरच्या कारखान्यांना मशीन पुरवायचा, त्यानं ‘जुनं द्या, नवं घ्या’ असं सांगितलं. मशीन आलं ते पाडव्याच्या मुहूर्तावर. हळद-कुंकू, हार, पेढे, सगळं झालं. विक्रेत्याचा टेम्पो रिकामा परत जाणार होता.

“आबा,” मी चेअरमनना म्हणाले, “आधी आपला प्रोग्राम नव्यावर चालवून बघू या. मग जुनं द्या.”

“बाई, सणाच्या दिवशी अडगळ घरात ठेवत्यात व्हय? जाऊ द्या त्याच्यासंगं.”

“पण चाललं नाही तर?”

“जुन्यावर चालतंय ते नव्यावर न चालायला काय झालं? नवी बैलजोडी जुना नांगर वढत न्हाय का?”

सगळे हसले. जुनं मशीन पोत्यात गुंडाळून टेम्पोत गेलं. प्रोग्राम आणि शेतकऱ्यांची यादी असलेल्या फ्लॉप्या तेवढ्या मी आदल्या दिवशीच पिशवीत घातल्या होत्या. आठ दिवसांवर उन्हाळी पाळी होती.

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घातली. पडदा काळा झाला, इंग्रजीत एक ओळ आली की हे यंत्र योग्य नाही, आणि प्रोग्राम बंद. परत घातली, परत तेच. दहा वेळा केलं. दारातल्या पाहुण्याला नाव विचारून हाकलून द्यावं, तसं.

चेअरमनना सांगितलं तर ते दात कोरत म्हणाले, “मग काय घाबरायचं? या पाळीला वरनं सुरू करू. कागदच न्हाय म्हटल्यावर काय करनार?” त्यांचं शेत चारीच्या तोंडाला होतं. मी हातानं लिहिलं तर ते परत फाडणार, हे ठरलेलंच. बोलताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मला वाटलं, हातातला पेपरवेट... जाऊ दे.

मी एसटी पकडून बारामती गाठली. विक्रेत्यानं पंख्याखाली बसवलं आणि समजावलं.

“मॅडम, तुमचा प्रोग्राम सुरू झाला की पहिल्यांदा मशीनला विचारतो, तू कोण? त्या जुन्या मशीनमध्ये मराठी अक्षरांसाठी एका कंपनीचं कार्ड होतं. ते दिसलं तरच तो काम करणार.”

“मराठी तर तुमच्या नव्या मशीनमध्ये पण आहे.”

“आहे. पण दुसऱ्या कंपनीची. त्याला त्याच्या घरचंच पाहिजे.”

“मग आमचं जुनं द्या परत.”

“ते सुटं करून विकलं. कार्ड एकाला, डबा एकाला.” मग वही पुढं ओढत त्यानं विचारलं, “तुमी कुणातल्या? आडनाव काय लावता?”

मी आडनाव सांगितलं. तो “अच्छा” म्हणाला. त्या ‘अच्छा’नंतर तो माझ्याशी बोलला नाही, वहीशीच बोलला.

हा ‘अच्छा’ मला जुना माहितीचा. टायपिंग शिकायला बारामतीत खोली बघत फिरत होते, तेव्हा तीन घरांत ऐकला होता. बरोबरची एक मैत्रीण, मनानं चांगली हो, ती म्हणाली होती, ‘अगं, दुसरं आडनाव सांग. कोण बघायला येतंय?’ मी सांगितलं नाही. खोलीही घेतली नाही. इंदापूरहून रोज एसटीनं ये-जा केली, सव्वा वर्ष.

आणि आता परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात काय आलं असेल? की या प्रोग्रामला दुसरं आडनाव सांगायचं. नव्या मशीनला शिकवायचं, ‘विचारलं की मी त्या कंपनीचाच आहे म्हण.’ विचार सुचला आणि मला स्वतःचीच शिसारी आली. पण टेलची वांगी, टोमॅटो डोळ्यासमोर होते. शिसारी गिळली.

नव्या मशीनबरोबर जाडजूड पुस्तक आलं होतं. त्याचं प्लॅस्टिकही कुणी काढलं नव्हतं, चेअरमननी ते फोटोंच्या कपाटात ठेवलेलं. मी प्लॅस्टिक फाडून वाचायला बसले. त्यात एक आज्ञा सापडली, अमुक प्रोग्रामनं विचारलं तर आपण जुन्या काळचंच मशीन आहोत असं खोटं वय सांग, अशी. म्हणजे बनवणाऱ्यांनीच खोटं बोलायची सोय करून ठेवलेली, आणि वर पुस्तकात छापलेली! ती आज्ञा दिली. प्रोग्रामनं एक पाऊल आत घेतलं आणि परत हाकललं. आता कार्ड कुठंय म्हणून.

जुन्या कार्डाची फाइल फ्लॉपीवर होती. ती घातली तर ती खरंच कार्ड शोधायला लागायची आणि मशीन गप्प पडायचं. मग ध्यानात आलं की प्रोग्राम कार्डाला हात लावून बघत नाही, फाइलचं नाव आणि तिची पहिली ओळ वाचतो. बस, एवढंच. नाव बघायचं, माणूस बघायचाच नाही. मी त्याच नावाची फाइल केली, पहिली ओळ जुन्या फाइलमधली उचलून घातली, आत काही नाही. नुसती पाटी. प्रोग्रामनं पाटी वाचली आणि पायघड्या घातल्या.

यादी आली, पण मराठी सगळी विस्कटलेली. दोन्ही कंपन्यांनी प्रत्येक अक्षराला वेगवेगळा नंबर दिलेला. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडं उकार होऊन पडायचा. एकमेकांशी बोलायचं नाही, एवढी अढी! लिपी काय यांच्या बापाची होती? भिंतीवर मागच्या पाळीचा कागद होता. तो समोर घेतला, चौकटीच्या वहीत एका बाजूला जुना नंबर, दुसऱ्या बाजूला नवा, असं एकेक अक्षर जुळवत बसले. तीन दिवस गेले. मग नंबर बदलणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि दोघांच्या मधे बसवला. प्रिंटर कर्रकर्र करत चालला आणि कागद बाहेर आला. पहिलं नाव टेलच्या शेवटच्या शेताचं. मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून नळावर चूळ भरून आले.

पाणी सुटायच्या सकाळी चेअरमन, वरचे चार-पाच जण, आणि दारं उघडणारा पाटकरी, सगळे ऑफिसात जमले. आमच्या वस्तीवरून माझे चुलत सासरे आले होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. कागद बघून चेअरमननी विक्रेत्याला फोन लावला. बोलून झाल्यावर कागद टेबलावर आपटला.

“ह्यो कागद खोटा हाय. ते म्हन्त्यात, फसवल्याबिगर चालनारच न्हाय. बाई, खरं सांगा, यंत्राला फसवलंय का न्हाय?”

“फसवलंय,” मी म्हणाले.

“ऐका! स्वतःच्या तोंडानं सांगती! मग आमी कशाला मानायचा? वरनंच दारं उघडा.”

ज्यांनी विचार न करता जुनं मशीन टेम्पोत घातलं, ते मला खऱ्या-खोट्याचा हिशोब विचारत होते. मी भिंतीवरचा मागच्या पाळीचा कागद काढला आणि दोन्ही कागद पाटकऱ्यापुढं ठेवले.

“यंत्राला मी नाव खोटं सांगितलं. पाण्याचे तास खोटे सांगितलेत का, ते तुमीच बघा. एकेक ओळ वाचा.”

पाटकरी वयानं मोठा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. तो बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागला. जुन्यात दोन तास, नव्यात दोन. जुन्यात सव्वा, नव्यात सव्वा. वरचे एक-दोघे मान वाकडी करून आपलं नाव शोधायला लागले. चेअरमनचं शेत आलं, त्यांचेही तास तेवढेच. एका ठिकाणी फरक निघाला.

“हितं अर्धा तास जादा दिसतोय,” पाटकरी म्हणाला.

“बघा!” चेअरमन उसळले.

“तुमच्या पुतण्यानं अर्धा एकर घेतला न्हवं का, आबा? त्याचा हाय ह्यो.”

तात्या मिशीत हसले. पाटकऱ्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “माझ्याकडं कालव्याच्या हापिसाचा हुकूम टेलपासनं सुरू करायचा हाय. कागद जुळतोय. कुनाच्या नावानं निघाला ते मला काय करायचंय?” तो सायकलवर टांग मारून टेलच्या दिशेनं गेला. चेअरमन तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. पण पुतण्याचा अर्धा तास त्याच कागदावर होता, त्यामुळं तो फाडायला कुणी उठलं नाही.

दुपारपर्यंत ऑफिसात पाहुणे आले. चेअरमन त्यांना हार घातलेलं मशीन दाखवत सांगत होते, “नवीन हाय. आमचं सगळं पानी ह्याच्यावर चालतंय.” मला तिथं बसवेना. पिशवी उचलली आणि टेलला चालत गेले.

तात्या टोमॅटोत दारं धरून उभे होते. पाणी सरीतून गढूळ, फेसाळ येत होतं आणि जमीन ते सूं सूं करत पीत होती.

“बघ की पानी,” तात्या म्हणाले. “आता तरी तोंड सरळ कर.”

“मला घाण वाटतंय, तात्या. आपल्या हक्काचं पाणी, आणि त्याच्यासाठी खोटं नाव सांगायला लागलं.”

“यंत्राला सांगितलंस. मानसाला न्हाय.”

“आपलं खरं नाव सांगून एकदा तरी दार उघडायला पाहिजे होतं.”

तात्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि माझ्या हातात फावडं दिलं.

“ते आपुन नंतर बोलू. दोनच तास हायेत आपलं. त्या कडंची सरी फोड आधी.”