तेरवीचा फोटो

नांदुऱ्यात माझा स्टुडिओ आहे. त्याआधी काही वर्षं मी एका दैनिकासाठी फोटो काढत होतो. तिथं नियम एकच होता: कॅमेऱ्यात जे आलं ते तसंच छापायचं. स्टुडिओतलं काम याच्या उलट असतं. बियाण्याच्या पाकिटावर छापायच्या कापसाच्या बोंडावरचा डाग काढायचा, साडीच्या जाहिरातीतल्या मुलीचा रंग उजळ करायचा, लग्नाच्या अल्बममधून भांडण झालेला मेव्हणा काढून टाकायचा.

यात वर्षभर न थांबणारं काम म्हणजे तेरवीचे फोटो. माणूस गेला की घरचे त्याचं आधारकार्ड किंवा एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यातला चेहरा मोठा करायचा, मागे निळा रंग भरायचा, घरच्यांना हवा असेल तर अंगात कोट घालायचा. बाई असेल तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवरा आहे का? असेल तर कुंकू ठसठशीत करायचं. नसेल तर पुसायचं. फोटो जुना असतो, त्यात कुंकू असतंच. हे मला कोणी शिकवलं नाही. काउंटरवर उभं राहिलं की कळतं.

ती बाई जिवंतपणीच फोटो काढायला आली. रोहिणखेडच्या पलीकडचं गाव, साठीच्या आतबाहेरचं वय, सोबत नवरा आणि सून. गळ्यावर गाठ होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी उपचार सुरू करायला सांगितले होते आणि केस जातील हेही सांगितलं होतं. त्याआधी तिला फोटो हवा होता. आधारकार्डावर आपण चोरासारखे दिसतो आणि तो चेहरा भिंतीवर नको, असं तिनं मला स्वच्छ सांगितलं.

नवरा बाकावर बसून होता. म्हणाला, "माह्या आधी जायची लय घाई झाली हिले."

"तुमच्या मागं राहून काय करू?" ती आरशात पाहतच म्हणाली. "तुमचे पाय दाबाची सवय लागली. मंग कोनाचे दाबू?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मी नवऱ्यालाही फोटोसाठी बसायला सांगितलं. त्यानं हात झटकला. त्याला आधारकार्डावरचा चालत होता.

बाईनं पिशवीतून करंडा काढला आणि बोटानं कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. सुनेनं पदर नीट केला. गाठ पदराखाली गेली. फोटो चांगला आला. बाईनं तो स्क्रीनवर पाहिला, मान हलवली आणि मोठी फ्रेम करायला सांगितली.

फ्रेम तयार झाली, पण घरी गेली नाही. जित्या बाईचा असा फोटो घरात नको, असं नवरा म्हणाला. हेही नवीन नव्हतं. माझ्या मागच्या खोलीत अशा काही फ्रेम कायम असतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या. खाली नावाची पट्टी असते. तिच्यावर तारखेची जागा कोरी सोडलेली असते.

पुढच्या उन्हाळ्यात नवरा गेला. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला होता, तिथंच छातीत कळ आली. मुलगा त्याचं आधारकार्ड घेऊन आला. तो फोटो मी केला.

काही आठवड्यांनी सून सासूला पुन्हा घेऊन आली. निराधार योजनेच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो लागत होते. बाई ओळखू येत नव्हती. डोक्यावर केस नव्हते, पदर घट्ट बांधलेला होता. कपाळाच्या मधोमध, जिथं चाळीसेक वर्षं कुंकू होतं, तिथं फिकट गोल वण होता. फ्लॅशमध्ये तो अधिकच उठून दिसला.

फोटो झाल्यावर तिनं तिच्या फ्रेमची चौकशी केली. मी फ्रेम बाहेर आणून कागद सोडला. तिनं ती हातात घेतली नाही. उभ्यानंच पाहत राहिली.

"भाऊ, याच्यातलं कुकू पुसू नका," ती म्हणाली. "मी बसली तवा ते कपाळावर होतं. मालक तं बाकावरच बसेल होते."

मी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली. आमच्या धंद्यात फोटोतल्या माणसाला विचारत नाहीत. घ्यायला जो येतो, त्याला विचारतात. सून बाजूला उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दिवाळीनंतर बाई गेली. मुलगा आणि सून दोघं आले. मुलानं मागितलं ते अपेक्षित होतं: कुंकू काढून नवीन प्रिंट, आणि पट्टीवर तारीख. त्याच्या आईनं काय सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून हो म्हटलं.

"तेरवीले सारं गाव येते," तो शांतपणे म्हणाला. "बाप भिंतीवर हाराचा, बाजूले माय कुकवाची. लोकं मले विचारतीन, तिले थोडीच. तुम्ही पुसा."

मी पुसलं. कुंकू पुसणं म्हणजे बाजूची कातडी उचलून त्या जागी बसवणं. काम अवघड नाही. कपाळ सपाट झालं. वण आला नाही, कारण या फोटोत तो कुंकवाखाली होता. पासपोर्ट फोटोतून तो इथं आणता आला असता. मुलानं नको म्हटलं, डाग वाटेल.

सून स्क्रीनकडे पाहत होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "हे कपाळ आत्याबाईचं नाई."

मुलानं पैसे दिले. फ्रेम घेऊन दोघं गेले.

काही महिन्यांनी मुलगा ती फ्रेम गोणपाटात बांधून मोटारसायकलवर घेऊन आला, एकटाच. काच बदलून हवी होती. फुटली असेल म्हणून मी गोणपाट सोडला. काच धड होती. कपाळाच्या जागी मात्र ती लालसर धुरकट झाली होती आणि घासून घासून तिथं बारीक ओरखडे पडले होते. कडेला, काच आणि लाकूड यांच्या फटीत, कुंकू साचलं होतं.

त्यानंच सांगितलं.

"बायको रोज सकाळी लावते. मी अंघोळ करून आलो का पुसतो."

"बोलला नाहीत तिला?"

"काय बोलू? ती बी नाई बोलत. भाकर वाढते, चहा देते." त्यानं गोणपाटाची दोरी गुंडाळली. "मायनं सांगतली होती ना गोष्ट. बायकोसमोर सांगतली."

मूळ फोटो माझ्याकडे आहे, हवा तर तसा प्रिंट देतो, असं मी म्हणालो. तो फटीतलं कुंकू नखानं काढत राहिला. मग काच तेवढी बदला म्हणाला.

मी खिळे काढले, फट ब्रशनं साफ केली, नवी काच बसवली. फ्रेम काउंटरवर आडवी ठेवली. गोणपाटात बांधण्याआधी त्यानं कपाळाच्या जागी अंगठ्यानं एकदा घासून पाहिलं. काच नवी होती. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.