आईच्या फोटोवरचा ठिपका

विजय नगरच्या ऑफिसात मी लोकांची नजर मोजतो. स्क्रीनखाली छोटा कॅमेरा, समोर माणूस. तो जिथे बघेल तिथे आमचं सॉफ्टवेअर लाल ठिपका ठेवतं. गिऱ्हाईक साबणाकडे बघतं की जाहिरातीतल्या बाईकडे, हे कंपन्यांना त्यावरून कळतं. पोट भरतं, एवढंच त्याचं कौतुक.

झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली, हातपाय गेले. ओळख उरली आहे का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आईला तर तेवढंच हवं होतं. म्हणून एका रविवारी मी ते यंत्र राजेंद्र नगरला, घरी आणलं. यंत्र आधी बघणाऱ्याच्या नजरेला जुळवावं लागतं. त्यासाठी हलत्या खुणेमागे डोळे फिरवायचे असतात. बाबांना ते झेपणार नाही म्हणून मी ती पायरी सरळ गाळली. स्क्रीनवर चार फोटो लावले, तीन परके आणि एक आईचा. बाबांची मान ठरेना, तेव्हा मागून वाकून ती दोन्ही हातांनी धरली.

ठिपका आईवर गेला. फोटोंच्या जागा बदलल्या, तरी आईवरच.

“मी म्हणत होते ना, यांना सब समजतं!” म्हणत आई शेजारच्या काकूंना बोलवायला धावली. कित्येक महिन्यांनी ती हसत होती. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

सोमवारी ऑफिसात रेकॉर्डिंग उघडलं. बाबांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. सॉफ्टवेअरनं त्यांच्या खांद्यावरून डोकावणारे डोळे पकडले होते. माझे. यंत्रही आधीपासून माझ्याच नजरेला जुळवलेलं. कॅमेऱ्यापुढे एकच चेहरा हवा, यावरून मी नव्या पोरांना रोज झापतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला माझीच किळस आली.

संध्याकाळी घरी तेच फोटो लावले, बाबांची मान उशांना टेकवली आणि बाजूला बसून पुन्हा बघितलं. ठिपका उमटलाच नाही. आई ठेवणीतली साडी नेसून समोर बसली होती.

“मशीन बिगडलं का रे?”

“आई, काल ना...”

“तू मागे उभा राहा बरं. तू मान धरलीस की बघतात ते.”

मी उठलो, बाबांची मान धरली आणि आईच्या फोटोकडे बघत राहिलो.