सोजरा, लोणार

मोतीराम पाणाडी जमिनीला कान लावून पडला की वाटायचं, झोपला. झोपत नव्हताच असं मीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण उठायचा, धुक्यातून चालल्यासारखा वीसेक पावलं जायचा आणि टाच रोवायचा. तिथे विहिरीला पाणी लागायचं.

परभणीपर्यंत त्याला मागणी. आज या गावी, उद्या त्या. म्हणून जाईल तिथे सांगून यायचा, "तार टाका. 'पाणाडी, लोणार' एवढंच. मी कुठंबी असलो तरी घरचे निरोप धाडतात."

त्रेसष्ट साली त्याला येणाऱ्या तारा बंद झाल्या. दोन महिने एकही नाही. मी त्याचा शेजारी, मीच तारघरात गेलो. मास्तर रामरावांनी वही पुढे केली. विहिरींचा ठेकेदार उत्तमराव यानं 'पाणाडी' हा शब्द आपला तारपत्ता, म्हणजे तारेपुरता एका शब्दाचा पत्ता, म्हणून नोंदवला होता! बोलावणं मोतीरामाला, तार उत्तमरावाला, आणि विहिरीवर जायचा त्याचा भाडोत्री माणूस.

"चोरी आहे ही!" मी टेबलावर हात आपटला.

"नियम आहे. एका तारघरात एक शब्द एकाचाच. आधी येईल त्याचा."

आज इंटरनेटवर नाव नोंदवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. खेळ तोच.

दुसऱ्या दिवशी मोतीरामाला ओढतच नेलं. सोबत आलेली त्याची बायको सोजराबाई तारघराबाहेर ओट्यावर पाठ करून बसली.

"लोणार लिवा," मोतीराम म्हणाला.

"गावाचं नाव मिळत नाही."

"मंग बालाजी."

"सरकीवाल्यानं घेतलंय."

"पाटबंधारे?"

"ते सरकारी खातं आहे, बाबा."

मोतीरामानं डोळे मिटले. तारेचा खटका टकटकत होता. त्याला त्यातही खोल कुठलं तरी पाणी ऐकू येत असावं. माझं डोकं तापलं. "बोल नं बे! लोक तुले इसरून राह्यले अन् तू डोळे मिटून राह्यला!"

"सोजरा," तो म्हणाला.

तीस वर्षांच्या संसारात हे नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. रामरावांची लेखणी थांबली. ओट्यावरून आवाज आला, "अवो, लाज हाय का काई! सरकारी वहीत बायको लिवून राह्यले!"

"दुसरं काई याद येत न्हाई मले," तो खिडकीला म्हणाला.

शब्द मोकळा होता. नोंदला.

मग देऊळगाव राजापासून अमडापूरपर्यंत बाजारा-बाजारात नवं नाव ओरडून घसा बसला तो माझा. मोतीराम अंगणात कान लावून पडलेला.

महिन्याभरानं, भर दुपारी, तारवाला गल्लीत ओरडला, "सोजराऽ! सोजरा कोन हाय?"

दारोदारी बाया उभ्या राहिल्या. सोजराबाईनं पदर सावरून अंगठा दिला. मी वाचून दाखवलं : 'सोजरा, लोणार. विहीर कोरडी. लवकर या.' तार जालन्याकडची होती.

मोतीराम पागोटं गुंडाळू लागला. बघतो तर सोजराबाई भाकरी बांधतेय, दोघांच्या.

"तू कुठं?"

"बलावणं कोनाच्या नावानं आलं? मले आलं. तुमी या मांगून, कान घेऊन."

ती पुढे निघाली. मागून तो, अर्धवट झोपेत चालल्यासारखा, एसटीकडे.